कन्फेशन, दुःख आणि कम्युनियन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधीच सांगून ठेवतो, मी फादर नाही आणि सेमिनरीत शिकलेलोही नाही. नागपुरात वाढलो, नोकरी करतो, रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, झाली की पोरांचा कॅटेकिझम, म्हणजे धर्मशिक्षणाचा क्लास घेतो. पोरं विचारतात, पोरांचे आईबाप बाहेर गाडी काढता काढता विचारतात, आणि ऑफिसातले मित्र तर काहीही विचारतात. तेच तेच प्रश्न इतक्यांदा आले की एकदाचं सगळं लिहून टाकतो म्हटलं. कन्फेशन म्हणजे फादरसमोर आपली पापं कबूल करणं, आणि कम्युनियन म्हणजे मिस्सात पवित्र भाकर घेणं. उत्तरं लहानमोठी आहेत, ज्यावर बोलण्यासारखं जास्त आहे तिथे जास्त बोललोय.

हिस्लॉप कॉलेजवाले आणि सदरच्या एस.एफ.एस.वाले एकच ना?

नाही. हिस्लॉप कॉलेज १८८३ चं, स्कॉटलंडच्या प्रोटेस्टंट मिशनचं. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया पण वेगळं, ते तर १९७० साली आपल्या नागपुरातच स्थापन झालं. आम्ही कॅथलिक, म्हणजे रोमच्या पोपशी जोडलेले. इथला कॅथलिक धर्मप्रांत १८८७ चा आहे, आर्चडायोसिस, म्हणजे मुख्य धर्मप्रांत, झाला १९५३ मध्ये, कॅथेड्रल सदरमध्ये, संत फ्रान्सिस डी सेल्सच्या नावाचं, तेच एस.एफ.एस. आणि सेमिनरी हिल्सवर आपण सगळे मॉर्निंग वॉकला जातो, पण ते नाव तिथल्या सेमिनरीवरून पडलंय, जिथे फादर घडतात, हे अर्ध्या गावाला माहीत नाही. कन्फेशन आणि मिस्साबद्दल खाली जे लिहिलंय ते कॅथलिकांचं आहे, प्रोटेस्टंट मित्रांचं म्हणणं बऱ्याच ठिकाणी वेगळं असतं.

मित्राच्या लग्नाला चर्चमध्ये आलो होतो, सगळे लाईनीत होते म्हणून मी पण गेलो आणि ते पांढरं गोल प्रसाद समजून घेतलं. पाप लागलं का?

नाही लागलं भाऊ. माहीतच नव्हतं तर पाप कसलं. हे दर लग्नात होते. माझ्याच एका चुलतबहिणीच्या लग्नात नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका ताईंनी होस्ट, म्हणजे तीच पांढरी गोल भाकर, हातात घेतला, कपाळाला लावला, आणि आईसाठी घरी न्यायचा म्हणून रुमालात बांधायला लागल्या. फादर वेदीवरून खाली उतरून त्यांच्यामागे बाकापर्यंत गेले, हळूच म्हणाले ताई, ते मला परत द्या. त्या घाबरल्या, त्यांना वाटलं जातीपातीचं काही आहे. बाहेर पेंडॉलमध्ये मी त्यांच्याशी अर्धा तास बोललो तेव्हा कुठे त्यांचा राग गेला, आणि खरं सांगतो, राग येणं बरोबरच होतं, कारण आधी कोणी काही सांगितलंच नव्हतं. आता बऱ्याच ठिकाणी लग्नात फादर आधीच अनाउन्स करतात. तुम्ही लाईनीत आलात तरी चालतं, हात छातीवर क्रॉस करून उभे राहा, फादर नुसता आशीर्वाद देतील.

पण प्रसादच आहे ना एका अर्थी? न द्यायला काय झालं?

प्रसाद देवाला दाखवलेला असतो आणि मग सगळ्यांचा होतो, जो येईल त्याला. ती रीत सुंदरच आहे. इथे म्हणणं वेगळं आहे. गव्हाचं पीठ आणि पाणी, बस, खमीर नाही, मीठ नाही, आणि फादर जेव्हा येशूचे शेवटच्या भोजनाचे शब्द म्हणतात, हे माझं शरीर आहे, तेव्हा ती भाकर भाकर राहत नाही. दिसायला तशीच, चवीला तशीच, लॅबमध्ये नेली तरी पीठच निघेल, पण ती जे आहे ते बदललेलं असतं. चर्चच्या १२१५ च्या लॅटरन परिषदेने यासाठी तत्त्व बदलण्याचा शब्द वापरला, ट्रेंटच्या परिषदेने १५५१ मध्ये तो पक्का केला. प्रत्येक कणात पूर्ण ख्रिस्त, अर्धा तुकडा मिळाला म्हणून अर्धा येशू मिळत नाही.

पचायला कठीण आहे, मान्य. येशू स्वतः बोलला तेव्हाही लोक म्हणाले की हे बोलणं जड आहे आणि बरेच शिष्य उठून निघून गेले, बायबलात योहानाच्या सहाव्या अध्यायात आहे ते. त्याने त्यांना थांबवून, अरे मी नुसतं उदाहरण देत होतो, असं म्हटलं नाही. म्हणून आम्ही पण हे उदाहरण म्हणून घेत नाही, आणि म्हणूनच सरसकट वाटत नाही.

पश्चात्ताप म्हणजे वाईट वाटणं ना?

वाईट तर पेत्रालाही वाटलं आणि यहूदालाही वाटलं, दोघं येशूचेच शिष्य. एकाने येशूला ओळखत नाही म्हणून तीनदा सांगितलं, दुसऱ्याने तीस नाण्यांत विकलं. दोघंही कळवळले. यहूदाने तर पैसेसुद्धा परत नेऊन फेकले, हिशोब चुकता करायचा प्रयत्न केला बिचाऱ्याने. पण तो स्वतःकडेच बघत राहिला आणि गळफास घेतला. पेत्र बाहेर जाऊन रडला आणि परत आला. मला तरी फरक तेवढाच दिसतो, वाईट वाटून माणूस कोणत्या दिशेला चालू लागतो.

ट्रेंटच्या परिषदेने पश्चात्तापाची व्याख्या केली त्यात तीन गोष्टी आहेत: केलेल्या पापाबद्दल मनाला दुःख, त्या पापाची चीड, आणि पुन्हा करणार नाही हा निश्चय. त्यातही दोन प्रकार, पूर्ण आणि अपूर्ण. पोरांना मी व्हरायटी चौकाचं उदाहरण देतो. हेल्मेट नाही, समोर ट्रॅफिक पोलीस दिसला, पोटात गोळा आला, अरे यार कालच घालायला पाहिजे होतं. हा अपूर्ण पश्चात्ताप, चालानच्या भीतीने आलेला. आता समजा पोलीस कुठेच नाही, पण घरून निघताना आई म्हणाली होती बाळा हेल्मेट घाल रे, आणि सिग्नलला तिचा चेहरा आठवून कसंतरी झालं. हा पूर्ण, प्रेमापोटी आलेला. चर्च म्हणते अपूर्णही देवाचीच देणगी आहे, त्याला हसू नका, कन्फेशनला जायला तो पुरतो. भीतीने का होईना, माणूस वळला ना.

मला कन्फेशनमध्ये रडू येत नाही. खोटा पश्चात्ताप आहे का माझा?

रडण्याचा आणि याचा संबंध नाही. निश्चय आहे का ते बघा. काही लोक सिरियल बघूनही रडतात.

डायरेक्ट देवाला सॉरी म्हटलं तर होत नाही का, मधे फादर काहून पाहिजे?

देवाला रोज म्हणावं, झोपताना म्हणावं, त्याला कोणी नाही म्हटलेलं नाही. पूर्ण पश्चात्ताप असेल आणि शक्य तितक्या लवकर कन्फेशनला जायचा निश्चय असेल तर मोठं पापही तिथेच माफ होतं, ही चर्चची अधिकृत शिकवण आहे. मग जायचं कशाला? कारण पुनरुत्थानानंतर येशूने शिष्यांवर फुंकर घातली आणि सांगितलं की तुम्ही ज्यांच्या पापांची क्षमा कराल त्यांना क्षमा झाली. हे काम त्याने माणसांच्या हाती दिलं. हे झालं पुस्तकी उत्तर.

माझं स्वतःचं सांगतो. सहा वर्षं मी गेलो नव्हतो. आईचं डायलिसिस सुरू झालं होतं, आठवड्यातून तीनदा, आणि मी न् दादाने खर्चाची एक वही केली होती, कोणी किती भरले. सुरुवातीला सोयीसाठी केली, मग त्या वहीवरूनच भांडणं लागली, ऑटोचे ऐंशी रुपये तू लिहिले नाही, रात्री दवाखान्यात मी झोपलो त्याचं काय, असलं सगळं. शेवटी बोलणं बंद. नाताळाच्या आधीच्या शनिवारी कन्फेशनची लाईन लागली होती, आई म्हणाली जा, म्हणून गेलो. गुडघ्यावर बसलो आणि पश्चात्तापाची प्रार्थना आठवेना, लहानपणी शंभरदा घोकलेली. जाळीपलीकडून फादर म्हणाले राहू दे, तुझ्या शब्दात सांग. मी वहीचं सांगितलं, सांगतानाही मी दादाच्याच चुका सांगून राहिलो होतो. ते ऐकत राहिले आणि मग एवढंच म्हणाले, हे दादाचं कन्फेशन झालं, आता तुझं सांग. मला हसू आलं, आणि त्यानंतर जे बोललो ते खरं होतं.

हे मी घरच्या पलंगावर पडून छताकडे बघत देवाला सांगितलं असतं तर मला कोणी टोकलं नसतं. फादर त्यासाठी.

प्रायश्चित्त म्हणून त्यांनी पाच वेळा प्रभूची प्रार्थना म्हणायला न देता सांगितलं, मिस्साच्या आधी भावाला फोन लाव. बायबलात मत्तयच्या पाचव्या अध्यायातलं आहे ते, भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर अर्पण वेदीपाशी ठेव आणि आधी त्याच्याकडे जा. फोन लावला. दादाने उचलला नाही. दुसऱ्या दिवशी उचलला.

फादर कोणाला सांगून देतात का?

नाही. कोणत्याही कारणाने नाही, कोर्टातही नाही. मुद्दाम थेट उघड केलं तर तो फादर त्याच क्षणी आपोआप बहिष्कृत होतो.

व्हॉट्सअॅप कॉलवर कन्फेशन चालतं का?

नाही, समोरासमोर पाहिजे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये चर्च बंद होते तेव्हाही फोनवर परवानगी मिळाली नाही, रोमने उलट पूर्ण पश्चात्तापाचीच आठवण करून दिली, वर लिहिलंय तेच.

कोणतं पाप केलं तर कम्युनियन घ्यायचं नाही?

ज्याला घातक पाप म्हणतात त्याला तीन गोष्टी लागतात: गोष्ट गंभीर पाहिजे, ती गंभीर आहे हे तुम्हाला पूर्ण माहीत पाहिजे, आणि मनापासून ठरवून केलेली पाहिजे. तिन्ही असतील तर आधी कन्फेशन, मग कम्युनियन. येशूचा प्रेषित पौल, त्याने करिंथच्या लोकांना कडक शब्दांत लिहिलंय की स्वतःला पारखून मगच ही भाकर खा. पण रोजच्या बारीकसारीक गोष्टी, चिडचिड, आळस, शेजाऱ्याच्या नव्या गाडीचा जळफळाट, यासाठी कम्युनियन सोडू नका, ती पापं कम्युनियननेच धुतली जातात.

कम्युनियन हे चांगल्या वागणुकीचं बक्षीस आहे अशी आपल्याकडे एक समजूत बसलीय, शाळेतल्या स्टारसारखी. पूर्वी तर लोक वर्षातून एकदाच घ्यायचे, १२१५ ला नियमच करावा लागला की निदान वर्षातून एकदा कन्फेशन आणि ईस्टरच्या सुमारास एकदा कम्युनियन. पोप पायस दहावे यांनी १९०५ मध्ये वारंवार, अगदी रोज घ्या म्हणून सांगितलं आणि १९१० मध्ये सात वर्षांच्या आसपासच्या लेकरांनाही ते खुलं केलं. आणि घ्यायच्या आधी आपण सगळे काय म्हणतो बघा, प्रभू तू माझ्या घरात यावंस एवढी माझी लायकी नाही. फादरही म्हणतात. हे शब्द बायबलातल्या त्या रोमन शताधिपतीचे, म्हणजे शंभर सैनिकांवरच्या अधिकाऱ्याचे आहेत, ज्याचा नोकर आजारी होता. लायकीचा प्रश्न तिथेच मिटला.

एक विनंती, बाकावर बसून राहिलेल्याकडे वळून वळून बघू नका. काही काकूंना मिस्सापेक्षा याची मोजदाद पक्की असते. कम्युनियनच्या आधीच्या उपासाच्या तासात एखाद्याने नाश्ता केला असेल.

उपास किती? तर्री पोहे चालतात का?

कम्युनियनच्या आधी एक तास. मिस्साच्या आधी नाही, कम्युनियनच्या आधी, म्हणजे आठची मिस्सा असेल आणि कम्युनियन पावणेनऊला, तर साडेसातचे पोहे नियमात बसतात. तर्रीचा ढेकर देत पुढे जायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा. पाणी आणि औषध कधीही चालतं. म्हातारी, आजारी माणसं आणि त्यांची सेवा करणारे यांना हा तास नाहीच. आजोबांच्या काळी रात्री बारापासून कडक उपास असायचा, १९५३ मध्ये पाणी मोकळं झालं, १९५७ मध्ये तीन तासांवर आलं, १९६४ मध्ये एक तास.

लेंट, म्हणजे ईस्टरच्या आधीचा प्रायश्चित्ताचा काळ, त्याचं वेगळं. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोन दिवस उपास, १८ पासून साठावं वर्ष लागेपर्यंत, आणि मटण-चिकन १४ च्या पुढे सगळ्यांना बंद. सावजीवाल्याकडे जाऊन नुसती तर्री मागणारे महाभाग मी पाहिलेत.

कन्फेशन करून येतो आणि लगेच वाटतं नीट सांगितलं नाही, परत जावं लागते. काय करू?

हे वाचणाऱ्यात असं कोणी असेल तर नीट ऐका, हा पश्चात्ताप नाही, हा त्रास आहे. याला चर्चमध्ये जुना शब्द आहे, स्क्रुपल, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ बारीक टोकदार खडा, बुटात गेलेला. संत इग्नाशियसला स्पेनमधल्या मानरेसात असताना याच त्रासाने जीव द्यावासा वाटला होता, म्हणजे तुम्ही वाईट संगतीत नाही. उपाय जुनाच आहे, एकच फादर ठेवा आणि ते म्हणाले पुरे म्हणजे पुरे, स्वतःचं डोकं चालवू नका. झोप उडाली असेल, दिवसातून वीसदा तेच चक्र चालत असेल, तर डॉक्टरांकडे जा, मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे, त्यात श्रद्धा कमी पडत नाही. आपल्या कॅथेड्रलचा संत, फ्रान्सिस डी सेल्स, हेच शिकवायचा की पडल्यावर स्वतःवर ओरडू नका, मनाला हळुवारपणे उठवा. दुसऱ्याच्या लेकराला उठवतो तसं स्वतःला उठवणं, हे कडक उपासापेक्षा अवघड आहे, करून बघा.

आजारपण म्हणजे मागचे भोगच ना?

आई आजारी पडली तेव्हा गल्लीतल्या किती बायका म्हणाल्या, काय भोग आले बाई. मायेनेच म्हणायच्या. येशूच्या शिष्यांनीही जन्मांध माणसाला बघून हेच विचारलं होतं, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापाचं? येशू म्हणाला, याचंही नाही, त्यांचंही नाही. आणि त्याला बरं केलं. म्हणजे आजाऱ्याच्या उशाशी बसून खातेवही उघडायची नाही.

नागपुरात दुःख हा शब्द कोणाला शिकवावा लागत नाही, दीक्षाभूमी इथे आहे. माझा सगळ्यात जवळचा मित्र बौद्ध आहे, आमचं यावर लक्ष्मीभुवन चौकात चहावर कितीदा तरी बोलणं झालंय. त्याचं म्हणणं, दुःख आहे, त्याला कारण आहे, तृष्णा, ते संपवता येतं आणि त्याला मार्ग आहे. माझ्याकडे इतकं सरळ उत्तर नाही. मी म्हणतो दुःख का आहे ते देवाने मला समजावून सांगितलं नाही, तो स्वतः त्यात आला आणि खिळे ठोकून घेतले. मित्र म्हणतो हे उत्तर नाही. मी म्हणतो हो, नाहीच, सोबत आहे.

"दुःख अर्पण कर" म्हणतात ते काय असतं?

हे वाक्य सगळ्यात जास्त वाया गेलेलं आहे. दात दुखला, अर्पण कर. नवरा मारतो, अर्पण कर. हे दुसरं तर कोणी कोणाला कधीच सांगू नये, तिथून बाहेर निघायचं असतं आणि पोलिसात जायचं असतं.

खरा अर्थ पौलाच्या कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्रात आहे, ख्रिस्ताच्या क्लेशात जे उरलं ते मी माझ्या देहात भरून काढतो. ख्रिस्ताचं काही कमी पडलं असा अर्थ नाही, त्याने आपल्यासाठी जागा ठेवली असा आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ११ फेब्रुवारी १९८४ ला दुःखाच्या अर्थावर एक मोठं पत्र लिहिलं, ते यावरच उभं आहे, आणि ते लिहिणारा माणूस गोळी खाऊन वाचलेला होता.

मिस्सात हे डोळ्यांनी दिसतं. भाकर-द्राक्षारस वेदीवर आणतात तेव्हा फादर द्राक्षारसात पाण्याचा एक थेंब टाकतात, लक्ष देऊन बघा. तिसऱ्या शतकातल्या संत सिप्रियानने सांगितलंय की द्राक्षारस ख्रिस्त आणि पाणी म्हणजे लोक, एकदा मिसळलं की वेगळं काढता येत नाही. आईला दिवसाला मोजून पाणी होतं, डायलिसिसवाल्यांना असतं तसं, आणि बाहेर मे महिना, ४५ डिग्री. तिची एक स्टीलची छोटी लोटी होती, दिवसभराचं पाणी त्यातच. ती म्हणायची, मला आता पाण्याची किंमत कळते, फादर तो थेंब टाकतात ना तेव्हा मी म्हणते हा माझ्या लोटीतला. यापेक्षा चांगलं मला कोणी समजावलं नाही. आणि बदल्यात काही मागायची नाही, हे मला फार उशिरा लक्षात आलं. मी मात्र देवाशी सौदे करून राहिलो होतो, इतकी जपमाळ करतो, तू किडनीच्या रिपोर्टमधलं क्रिएटिनिन खाली आण.

मग पेनकिलर घ्यायची की नाही?

घ्यायची. येशूनेही पकडला जाण्याआधी बागेत म्हटलं होतं हा प्याला टळू दे. पोप पायस बारावे यांनी १९५७ मध्येच डॉक्टरांसमोर स्पष्ट केलंय की दुखणं कमी करायला औषध द्यायला हरकत नाही, शेवटच्या आजारातही. दुःख शोधत फिरायचं नसतं, ते पत्ता विचारत येतंच.

आजारी माणसाला घरी कम्युनियन मिळतं का? काय तयारी करायची?

मिळतं, पॅरिश ऑफिसला, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चच्या ऑफिसला सांगून ठेवा. माणूस गंभीर व्हायची वाट बघू नका, तेल लावायचा संस्कार पण मरणाऱ्यांसाठीच असतो असं नाही, ऑपरेशनच्या आधीही घेता येतो. आम्ही उशीर केला होता, एका दवाखान्यात आयसीयूच्या दारावर वॉचमनने फादरना पाऊण तास उभं ठेवलं. म्हणून आधीच सांगा. टेबलावर पांढरं कापड, क्रूस, मेणबत्ती, एक ग्लास पाणी आणि चमचा. टीव्ही बंद, मोबाईल बंद, आणि उन्हाळा असेल तर कूलर बंद. हे कोणी सांगत नाही पण कूलर चालू असला तर मेणबत्ती टिकत नाही.

आईच्या शेवटच्या आठवड्यात फादर दुपारी आले. दादा पण होता. कूलर बंद केल्यावर खोली अशी तापली की फादरांच्या कपाळावरून घाम गळून राहिला होता. तिला गिळता येत नव्हतं, म्हणून त्यांनी डबीतून होस्ट काढून नखाएवढा कण तोडला, चमच्यात ठेवला, दादाने तिच्या लोटीतलं पाणी चमच्यात ओतलं, मी मान वर धरली. दोनदा ओठ हलले, मग गेलं. आम्ही सगळे गप्प. थोड्या वेळाने तिने डोळे उघडून दादाकडे बघितलं आणि म्हणाली, फादरना सरबत दे रे, आणि आता कूलर लावा.